खातेदार झोपली आहे

मार्च महिना लागला की नोकरदार बापांचं मुलींवरचं प्रेम अनावर होतं. एरवी पोरगी कितवीत आहे हे बायकोला विचारून सांगणारा गृहस्थ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या भवितव्याच्या काळजीने पोस्टाच्या रांगेत उभा दिसतो. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पासबुक, वरच्या खिशात चेक, आणि ‘सुकन्याची रांग हीच ना?’ असं पुढच्याला एकदा, मागच्याला एकदा विचारणं चालू. रांगेत सगळे सुकन्यांचे बाप. सुकन्या कुणी शाळेत, कुणी पाळणाघरात, कुणी अजून पाळण्यात. जिच्या नावाने हा उद्योग चालला आहे ती तिथे नसते, आणि ती नाही म्हणून कुणाचं काही अडतही नाही.

ही सुकन्या समृद्धी योजना पंतप्रधानांनी २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतहून सुरू केली. हरियाणात मुलींचं प्रमाण फारच घसरलं होतं, म्हणून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ची सुरुवात तिथून झाली आणि त्यातच हे खातंही आलं. कारण अगदी रास्त. पण पानिपत, त्यातून जानेवारी महिना! मराठी माणसाचा या जोडीचा पूर्वानुभव काही फारसा उत्साहवर्धक नाही. आमच्या नात्यातल्या दोघा-तिघांनी ‘जरा थांबून बघू’ असंच धोरण ठेवलं होतं. मग पहिल्या वर्षी ९.१ टक्के आणि पुढच्या वर्षी ९.२ टक्के व्याज जाहीर झालं, तेव्हा भाऊसाहेबांचं स्मरण बाजूला ठेवून सगळे पोस्टाकडे धावले. इथे चिल्लरखुर्द्याचाही हिशोब लागत होता, तोही करमुक्त.

नियम तसे सोपे आहेत. मुलगी दहा वर्षांच्या आतली हवी. एका घरात दोन मुलींपर्यंत खातं निघतं. जुळ्या-तिळ्या झाल्या तर सरकारही समजून घेतं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे आणि रक्कम खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मिळायची. या ‘उघडल्यापासून’वर मात्र गावोगावच्या कट्ट्यांवर वाद झडलेले आहेत. ‘मुलगी एकवीसची झाली की पैसे हातात’ असं छातीठोक सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक ऑफिसात असतो. त्याच्या भरवशावर ज्याने मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर खातं उघडलं, त्याची सुकन्या मुदतपूर्तीच्या दिवशी तीस वर्षांची असेल, आणि बहुधा स्वतःच्या मुलीचं पासबुक घेऊन त्याच रांगेत उभी असेल.

एवढं २१ वर्षांचं कुलूप कशाला, याचं सरकारी उत्तर दीर्घकालीन सुरक्षितता वगैरे असणार. खरं उत्तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मुलांचे पैसे चोर नेत नाहीत. आईबाप नेतात.

बारशाच्या पाकिटांचंच घ्या. पाहुणा येतो, बाळाच्या गालाला हात लावतो आणि रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट बाळाच्या मुठीत कोंबतो. बाळ ते तोंडात घालायच्या आत आई काढून घेते आणि पाकीट आतल्या खोलीत जातं. तिथे मावशी वही घेऊन बसलेली असते. ‘जोशी, डोंबिवली, १०१. पलीकडच्या काकू, ५१ आणि झबलं. बाबांचे साहेब, ५०१.’ ही वही फार जिव्हाळ्याने लिहिली जाते आणि लग्नाच्या अल्बमइतकी जपली जाते, कारण कुणाकडे कार्य निघालं की किती घालायचे हे तिच्यातच बघावं लागतं. वही टिकते. पैसे मात्र त्याच रात्री केटररचा माणूस घेऊन जातो. ‘आत्ता तिच्या पाकिटांतले देऊ, मग टाकू तिच्या नावावर.’ म्हणजे जिचं बारसं, तिनेच सगळ्या गावाला जेवण घातलं, आणि तेही वयाच्या बाराव्या दिवशी!

पुढे हा सिलसिला चालूच राहतो. भाऊबीजेची ओवाळणी, आजीने वाढदिवसाला हळूच दिलेली पाचशेची नोट, चित्रकला स्पर्धेचं बक्षीस. ‘दे इकडे, हरवशील. मी ठेवते.’ या वाक्यानंतर पैसे परत आल्याची घटना निदान माझ्या पाहण्यात नाही. बाळाच्या बिंदल्या मोडून आईच्या पाटल्यांचं वजन वाढतं, बारशाच्या अंगठ्या आटवून बाबांची एक अंगठी होते, आणि हे सगळं ‘शेवटी तिचंच आहे’ या एका वाक्याखाली जमा होतं. कुणी वाईट हेतूने करत नाही. गरज असते, वेळ असते, आणि समोरच्या सावकाराला अजून बोलता येत नसतं.

सरकारला आपल्या या कौटुंबिक अर्थकारणाची पूर्ण कल्पना असावी. म्हणून त्याने सांगितलं: टाक, पण हात लावायचा नाही. शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढायची म्हटली तरी मुलगी दहावी पास किंवा अठरा वर्षांची हवी, आणि वर प्रवेशाची कागदपत्रं हवीत. ज्या माणसाने आयुष्यभर लेकीला ‘तुझे पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत’ असं सांगितलं, त्याच्यावर अविश्वास दाखवायचे सरकार त्याला आठ टक्क्यांवर व्याज देतं. सौदा वाईट नाही.

आमच्या मजल्यावर गेल्या काही वर्षांत जी बारशी झाली त्यांतलं एक या योजनेमुळेच झालं, असं म्हणायला हरकत नाही. मुलगी झाली मार्चच्या सुरुवातीला. बापाच्या प्राप्तिकराच्या ८०-सी वजावटीत चाळीसेक हजारांची जागा शिल्लक होती आणि ऑफिसातून गुंतवणुकीच्या पुराव्यांसाठी तगादा होता. तो महापालिकेतून जन्मदाखला घेऊन थेट पोस्टात. दाखल्यावर आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, बाळाच्या नावाची जागा रिकामी.

‘मुलीचं नाव?’ काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

‘अजून ठरायचंय.’

‘मग ठरल्यावर या.’

‘मॅडम, एकतीस तारीख...’

‘‘बाळ’ असं नाही लिहिता येत.’ बाई अतिशय शांतपणे म्हणाल्या आणि पुढच्याचं पासबुक घेतलं.

नाव न ठरायला सबळ कारणं होती. आजीला कुलदेवीचं हवं होतं. बाळाच्या आईला दोन अक्षरी, इंग्रजीत स्पेलिंग चुकणार नाही असं हवं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या नाशिकला. तिची सवडीने, एप्रिलात मुलांची परीक्षा झाल्यावर यायची योजना होती. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. आत्याच्या लक्षात आलं की तीस वर्षांत पहिल्यांदाच भाऊ आपल्याकडे हात जोडून काही मागतो आहे. तिने परिस्थितीचा पुरेपूर फायदा घेतला. पैठणी कबूल करून घेतली, मगच चिठ्ठ्या टाकून निघालेलं नाव वाचलं. आजीने मागून विचारलं, ‘रास बघितली का रे?’ तो म्हणाला, ‘आर्थिक वर्ष बघितलंय.’

पुढचे दोन दिवस दाखल्यावर नाव चढवून घेण्यात गेले. पोस्टात पुन्हा रांग लागली. अर्जातल्या चौकोनांत एकेक अक्षर घालताना बाळाच्या आईचा आग्रह किती दूरदर्शी होता हे त्याला कळलं. या वेळी काउंटरवर नवा मुलगा होता. त्याने अर्ज उलटापालटा केला आणि सवयीने विचारलं, ‘खातेदाराची सही कुठाय?’

‘खातेदार झोपली आहे,’ बाप म्हणाला.

खातं निघालं. बारसं रीतसर एप्रिलातच झालं, पाळण्यात चार नावं ठेवली, आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं. पाहुण्यांपैकी कुणी ‘छान आहे हो नाव, कुणी सुचवलं?’ असं विचारलं की घरातली सगळी माणसं एकदम वेगवेगळ्या दिशांना बघायची.

या योजनेने घराघरांत एक नवी जमात निर्माण केली आहे. आमच्याकडे ती काकांच्या रूपाने आहे. काकांना मुलगी नाही. दोन मुलगे, तेही मोठे, एक बंगळूरूला असतो आणि सहसा फोन उचलत नाही. त्यामुळे काकांनी कुटुंबातल्या समस्त मुलींच्या खात्यांची देखरेख स्वतःकडे घेतली आहे. त्यांचा सगळा जोर एका नियमावर: महिन्याच्या ५ तारखेनंतर जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. म्हणजे पैसे ५ तारखेच्या आत भरले पाहिजेत. वर्षाचे एकदम भरणाऱ्याने तर ५ एप्रिलच्या आत. दीड लाख भरायला ६ तारीख उजाडली, तर आजच्या ८.२ टक्क्यांच्या दराने महिन्याचे १,०२५ रुपये गेले. काका हा आकडा अशा आवाजात उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपण लेकीच्या ताटातलं काढून खाल्लं असं वाटावं. १ एप्रिलला त्यांचा ग्रुपवर निरोप येतो, ३ तारखेला आठवण, आणि ४ तारखेला ते घरी येतात. चहा घेतात, पण पावती बघितल्याशिवाय उठत नाहीत.

या खात्याचा दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं. ३१ मार्च २०२१ च्या रात्री अल्पबचतीचे दर उतरवल्याचा आदेश निघाला. पीपीएफ ७.१ वरून ६.४, सुकन्या ७.६ वरून ६.९. काकांनी ती रात्र बसून काढली. साडेअकराला त्यांनी अर्थमंत्रालयाला ईमेल लिहिला, त्यात मुलींच्या भवितव्यापासून ज्येष्ठ नागरिकांच्या औषधांपर्यंत सगळं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे १ एप्रिलला, आदेश नजरचुकीने निघाला होता, तो मागे घेत आहोत, असं खुद्द अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं. देशाने एप्रिल फूलचे विनोद केले. काकांनी केले नाहीत. ईमेल आणि माघार यांच्यातला कार्यकारणभाव ते आजही ठामपणे सांगतात, आणि कुणी हसलं तर दर किती राहिला तेवढं सांगून विषय संपवतात.

हिशोबात मात्र त्यांना तोड नाही. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख, असे १५ वर्षांत साडेबावीस लाख भरा, दर ८.२ टक्केच राहिला तर एकविसाव्या वर्षाअखेर जवळजवळ ७२ लाख. काका हे कागदाच्या मागच्या बाजूला काढून दाखवतात. मी एकदा त्यांना विचारलं, वर्षाला अडीचशेच भरले तर? त्यांनी पेन झटकलं, आकडा काढला, बारा हजारांच्या आसपास, आणि कागद घडी करून खिशात टाकला. किमान रक्कम आधी हजार होती, २०१८ मध्ये ती अडीचशेवर आणली. आज देशात अशी चार कोटींहून जास्त खाती आहेत, आणि त्यांतल्या किती घरांना महिन्याचे साडेबारा हजार २१ वर्षं कुलपात घालणं परवडतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. सवलतीची मलई ज्याच्या वाटीत आधीच दूध आहे त्यालाच जास्त मिळते, हे मला खुपतं. महाराष्ट्र सरकारची ‘लेक लाडकी’ या बाबतीत जास्त सरळ वाटते. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठराव्या वर्षी ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार. बापाकडून काही भरून घेण्याची अटच नाही. वरच्या एक हजारावरून ही रक्कम ठरवणारा माणूस आहेर लिहिलेल्या घरात वाढलेला असावा अशी मला दाट शंका आहे.

सर्वांत मोठा अपमान मात्र आजोबांचा झाला. निवृत्तीचे पैसे हाताशी, नात मांडीवर. शेकडो आजोबांनी हौसेने आपल्या सहीने नातींची खाती उघडली. नियमात पालक म्हणजे आईबाप किंवा कायदेशीर पालक. ऑगस्ट २०२४ मध्ये परिपत्रक आलं: १ ऑक्टोबरपासून आजी-आजोबांनी उघडलेल्या अशा खात्यांचं पालकत्व आईबापांच्या नावे करून घ्यावं. पैसे आजोबांचे चालतील, सही चालणार नाही. आमच्या इमारतीतले एक आजोबा पासबुक मुलाच्या हाती देताना म्हणाले, ‘तुझी फी भरताना कुणी मला पालक आहात का विचारलं नव्हतं.’ पासबुकाची झेरॉक्स त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे. तिच्यावर ते दर एप्रिलला पेन्सिलीने व्याज चढवतात.

‘मग मुलांनी काय घोडं मारलंय?’ असं मुलग्यांचे बाप विचारतात. त्यांच्यासाठी पीपीएफ आहे. त्यात आपला दीड लाख वेगळा आणि पोराचा दीड लाख वेगळा, अशी खेळी करायला अनेक जण गेले आणि दोन्ही मिळून मर्यादा एकच आहे हे ऐकून परत आले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक सोय झाली, एनपीएस वात्सल्य. अल्पवयीन बाळाचं पेन्शनचं खातं. आपल्याकडे दात पडले की पेन्शन सुरू व्हायची. आता दात यायच्या आधीच खातं उघडतं. ज्याला अजून मान धरता येत नाही त्याच्या नावाने निवृत्तीचा कायम खाते क्रमांक निघतो. ‘पोरगा पुढे काय करणार?’ या प्रश्नाला प्रथमच ठाम उत्तर आहे: निवृत्त होणार.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ हे ऐकून हसायचा. मग जुलै २०२५ मध्ये तिथे कायदा झाला, २०२५ ते २०२८ या काळात जन्मलेल्या अमेरिकन नागरिक बाळांच्या नावाने सरकार स्वतः हजार डॉलर घालणार, आणि खात्याचं नाव ट्रम्प अकाउंट. त्याची मुलगी नेमकी त्याच वर्षातली. त्याने काकांना फोन करून विचारलं, ‘ते घेऊन वर सुकन्याही काढता येईल का?’ काकांनी सांगितलं, येत नाही, मुलगी भारतीय नागरिक आणि भारतात राहणारी हवी. त्यावर तो दोन मिनिटं परत यायचा विचार करत असल्यासारखा बोलला. ब्रिटनमध्ये तर २००२ ते २०११ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नावाने सरकारने असेच पैसे घातले होते. त्यांतली बरीच मुलं सज्ञान झाली, तरी लाखो जणांना आपलं असं काही खातं आहे याचा पत्ताच नाही. तिथले आईबाप मुलांच्या नावाने ठेवलेलं विसरतात. आपल्याकडे घेतलेलं विसरतात.

मध्यंतरी बापांच्या या मार्चमधल्या प्रेमाची एक कठीण परीक्षा झाली. नवी करपद्धत आली, तीच आपोआप लागू व्हायला लागली, आणि तिच्यात ८०-सीची वजावट नाही. व्याज आणि शेवटची रक्कम अजूनही करमुक्त, पण दरवर्षीची ती वजावट गेली. मार्चची रांग एकदम विरळ झाली. जे बाप तरीही उभे दिसले त्यांच्याकडे मी नव्या आदराने बघायला लागलो. एकाला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, ‘नाही हो, माझं होम लोन आहे, मी जुन्यातच आहे.’

लग्नाचा नियमही वाचण्यासारखा आहे. मुलगी अठरा पूर्ण असेल तर लग्नासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं, पण तारखेच्या आधी एक महिना ते नंतर तीन महिने एवढ्याच काळात. हा नियम करणाऱ्याने पुण्या-मुंबईत कधी कार्यालय बुक केलेलं नाही. इथे चांगल्या मुहूर्ताचा हॉल वर्षभर आधी ॲडव्हान्स मागतो. सुकन्येचे पैसे येतील तोवर फार तर मांडव उतरवणाऱ्याचे देता येतील.

२०१५ मध्ये ज्या मुली आठ-नऊ वर्षांच्या होत्या त्या आता मोठ्या झाल्या. अठरा पूर्ण झाली की खात्याची मालकीण तीच. थोरल्या भावाची मुलगी त्यांतलीच, पहिल्या तुकडीतली. ती बापाला घेऊन पोस्टात गेली, आपली सही दिली, आपला फोटो लावला, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदलून आपला टाकला. भावाच्या हे शेवटचं लक्षात आलं नाही. एप्रिलात व्याज जमा झाल्याचा मेसेज दरवर्षी त्याला यायचा आणि तो ऑफिसात चार जणांना दाखवायचा. या वर्षी आला नाही. त्याने जेवताना सहज विचारलं, ‘किती झालं गं व्याज?’

‘सांगते. आधी जुनं मिटवू,’ ती म्हणाली आणि तिने टेबलावर एक वही ठेवली. बारशाची वही. वहिनींनी माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दिली होती. जोशी, डोंबिवली, १०१ पासून सगळं होतं, त्याखाली ओवाळण्या, त्याखाली आजीच्या नोटा, आणि वेगळ्या कागदावर या सगळ्यावर ८.२ टक्क्यांनी चक्रवाढ व्याज. हिशोब काकांनी करून दिला होता. प्रत्येक रक्कम ५ तारखेच्या आत जमा झाली असं धरून.